लेकरे सोबत घेऊन दीक्षाभूमीला जाताना

अशोक विजयादशमी जवळ आली की अहमदपूरच्या आमच्या वस्तीत दोनच गोष्टी बोलल्या जातात. सोयाबीनची काढणी कधी उरकते आणि नागपूरला गाडी कोणाची ठरवायची. अहमदपूरला रेल्वे नाही. एसटीने जायचे तर नांदेडला बदली आणि वर सणाची गर्दी. म्हणून आम्ही चार-पाच घरे वर्गणी काढतो आणि एक क्रूझर ठरवतो. कोणी मिस्त्री, कोणी बिगारी, कोणी शेतमजूर, कोणी नगरपालिकेत झाडू मारणारी. दोन दिवसांची हजेरी बुडवून, वर्षभर डब्यात टाकलेले पैसे काढून ही माणसे निघतात. पुरुष भाडे ठरवतात, बाया शिदोरीचे बघतात, म्हातारी माणसे पांढरे कपडे धुऊन घडी घालून ठेवतात.

एवढा विचार होतो. पण पुष्कळ गाड्यांत एका गोष्टीचा होत नाही. गाडीत पाच-सहा लेकरे असतात. त्यांना चारशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता हसतखेळत कसा न्यायचा, हे कोणी बसून ठरवत नाही. मांडीवर घेतली की झाले, असे वाटते. मग लोहा येईपर्यंत एकाला उलटी होते, नांदेडला दुसरे रडायला लागते, तिसऱ्याच्या पाठीत धपाटा बसतो. संध्याकाळी दीक्षाभूमीच्या दारात उभे असलेले लेकरू मलूल होऊन आईच्या खांद्यावर मान टाकते. त्याने काय पाहिले? त्याच्या मनात दीक्षाभूमी म्हणजे उलटी, मार आणि गर्दी. आपल्याला जे आयुष्यभर पुरते ते त्याला नकोसे झाले, तर पुढच्या वर्षी ते लेकरू म्हणेल, मी घरीच आजीजवळ राहतो. आणि मोठे झाल्यावरही राहील.

म्हणून लेकरांना गाडीत आनंदात ठेवणे ही फाजील लाडाची गोष्ट आहे, असे आम्हाला वाटत नाही.

लेकरांचा प्रवास कसा मोडतो, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साल १९०१. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे. वडील रामजीबाबा सातारा जिल्ह्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून घरातली लेकरे निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे असा थाट होता. आगगाडीत पहिल्यांदाच बसायचे, म्हणून आनंद मनात मावत नव्हता. मसूरच्या स्टेशनावर उतरली, तर न्यायला कोणी आलेले नाही. वडिलांना पत्रच मिळाले नव्हते. जात कळली तसा स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट पैसे देऊ केले तरी बसवून घेईनात. शेवटी एक तयार झाला, तो या अटीवर की गाडी लेकरांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. शिदोरी भरपूर होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरला नाही. लेकरे उपाशीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी हा प्रसंग इंग्रजीत लिहिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने तो पुस्तिकेच्या रूपात १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापला.

ही हकीकत आम्ही गाडीत लेकरांना सांगतो, पण रडवण्यासाठी नाही. पहिला थांबा आला की पाण्याचा जार उघडतो, ज्याच्या त्याच्या हातात पेला देतो आणि मग सांगतो. आपल्याच वयाचा एक मुलगा नवी टोपी घालून निघाला होता, हे ऐकताना लेकरे टक लावून बघतात. सात वर्षांच्या एका पोराने मागे विचारले, “मग त्यांच्या डब्यातल्या भाकरीचं काय झालं?” मोठ्या माणसांपैकी कोणाला एवढे सुचले नव्हते. लेकरांना इतिहास असाच कळतो. भाकरीतून आणि पाण्यातून.

तेव्हा पहिली तयारी पाण्याची. वीस लिटरचा एक जार आणि प्रत्येक लेकराची आपली एक बाटली. बाटलीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला की ‘हिची-माझी’ हे भांडण मिटते. सहा महिन्यांखालचे तान्हे असेल तर त्याला पाणीसुद्धा नको, आईचे दूधच पुरे. त्या आईला मात्र पाणी जास्त लागते, हे विसरू नये. ऑक्टोबरचे ऊन मराठवाड्यात कमी नसते. कोणाला जुलाब-उलट्या झाल्याच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा. साखर-मिठाच्या पुड्या अशाच मोजून आधीच बांधून ठेवलेल्या बऱ्या.

दुसरी तयारी शिदोरीची. आमच्या भागातल्या बायांना हे शिकवायला नको. दुधात पीठ मळलेली दशमी दोन दिवस टिकते. धपाटे आणि शेंगाची चटणी असली की हॉटेलचे तोंड बघायला लागत नाही. लेकरांना मात्र निघताना पोटभर जेवू घालू नये आणि उपाशीही ठेवू नये. अर्धी दशमी, थोडा गूळ, एक केळे. मग दर दोन तासांनी थोडे थोडे. तेलकट वडे, भजी, रंगीत सरबत हे उलटीला बोलावणेच. आणि एक सांगणे फार महत्त्वाचे. पाच वर्षांखालच्या लेकरांच्या हातात चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या देऊ नयेत. खड्ड्यात गाडी आदळली की दाणा घशात अडकतो, आणि मागच्या बाकावरच्या लेकराकडे आपले लक्ष जायला वेळ लागतो. तशा वस्तू गाडी थांबल्यावर, समोर बसवून द्याव्यात.

आता उलटीचे. पुष्कळ घरांत लेकराला गाडी लागली की त्याला नाजूक म्हणून हिणवतात. त्यात त्याचा दोष नसतो. आपल्या कानाच्या आतल्या बाजूला बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. शरीर हलले की तो द्रव हलतो आणि मेंदूला तोल कळवतो. लेकरू गाडीत खाली मान घालून बसले की डोळे सांगतात, सगळे स्थिर आहे. कान सांगतात, हलते आहे. दोघांचे भांडण लागते आणि मळमळ सुरू होते. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. पुढे बहुतेकांचा कमी होतो.

उपाय यातूनच निघतो. लेकराने समोर, लांब बघावे. क्रूझरचे मागचे आडवे बाक असतात, त्यांवर तोंड बाजूला करून बसावे लागते. तिथे गाडी जास्त लागते. म्हणून लेकरांना मधल्या, समोर तोंड असलेल्या बाकावर बसवावे. काच थोडी उघडी, आले किंवा लिंबाची फोड जवळ, मांडीवर जुने वर्तमानपत्र आणि एक पिशवी. एवढे पुरते. गोळी द्यायचीच असेल तर आदल्या दिवशी डॉक्टरांना लेकराचे वय आणि वजन सांगून विचारावे. उलटीच्या काही गोळ्या दोन वर्षांखालच्या लेकरांना चालत नाहीत. आणि उलटी झालीच तर रागवू नये. गाडी बाजूला घ्यावी, तोंड धुवावे, दहा श्वास शांतपणे मोजायला लावावे. विहारात लेकरे आनापान शिकतात, ते असे रस्त्यातही कामाला येते.

लेकरू लांब बघायला तयार व्हावे, तर लांब बघण्यासारखे काही त्याला दाखवले पाहिजे. इथे आमचा रस्ताच आमच्या मदतीला येतो. तुळजापूरहून निघालेला ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग लातूर, चाकूर करत अहमदपूरला येतो आणि पुढे नागपूरजवळ बुटीबोरीला जातो. निघण्याच्या आदल्या रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आम्ही एक लांब रेघ मारतो आणि लेकरांकडूनच गावे लिहून घेतो. अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, वारंगा फाटा, हदगाव, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी, नागपूर. गाव आले की त्यावर खूण करायची. “अजून किती राहिलं?” हा प्रश्न लेकरे शंभर वेळा विचारतात. हातात ही रेघ असली की उत्तर त्यांचे तेच शोधतात.

मग पिके ओळखायची. अहमदपूर सोडले की दोन्हीकडे सोयाबीनच्या गंजी आणि उभी तूर. अर्धापूरकडे केळीच्या बागा. मध्ये हळदीची हिरवी पाने. यवतमाळ जिल्ह्यात शिरले की पांढरा कापूस. नागपूर जवळ आले की संत्री. पहिली केळीची बाग ज्याला दिसेल त्याचा एक गुण. शेतमजुराची लेकरे या खेळात हुशार असतात. हप्त्याची परीक्षा देताना मागे पडणारे एक पोर तूर आणि हळद लांबून सांगते, तेव्हा त्याच्या बापाच्या चेहऱ्यावरचे समाधान बघण्यासारखे असते.

थोड्या मोठ्या लेकरांसाठी नंबरप्लेटचा खेळ. एमएच २४ म्हणजे आपले लातूर, २६ नांदेड, ३८ हिंगोली, २९ यवतमाळ, ३२ वर्धा, ३१ आणि ४९ नागपूर शहर, ४० नागपूर ग्रामीण. वहीत रकाने आखायचे आणि गाडी दिसली की रेघ ओढायची. ही वही गुडघ्यावर ठेवून लिहीत बसायची नसते. एकाने बाहेर बघून सांगायचे, मोठ्या माणसाने रेघ ओढायची. सुरुवातीला २४ च्या रेघा जास्त, मग २६ च्या, मग २९ च्या. जिल्हा बदलला हे पाटी दिसण्याआधीच लेकरांना कळते. रस्त्याकडेच्या दगडांचेही तसेच. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर खेड्याकडे जाणारा रस्ता.

नद्या तीन मोठ्या लागतात. नांदेडला गोदावरी, हदगाव सोडल्यावर पैनगंगा आणि कळंब-देवळीच्या मध्ये वर्धा. पैनगंगा आली की आम्ही मोठ्या मुलांना एक प्रश्न विचारतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला, ज्या दिवशी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी, अहमदपूर कोणत्या राज्यात होते आणि नागपूर कोणत्या? सगळी लेकरे एका सुरात ‘महाराष्ट्र’ म्हणतात. तसे नाही. मराठवाडा त्या दिवशी हैदराबाद राज्यात होता आणि नागपूर मध्य प्रदेशात. राज्यांची फेररचना झाली ती १ नोव्हेंबरला, म्हणजे अठरा दिवसांनी. या नदीच्या अलीकडे एक राज्य होते आणि पलीकडे दुसरे. आपल्या भागातून तेव्हा जे गेले, ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. कोणी रेल्वेने, कोणी बैलगाडीने, कोणी पायी. हे सांगितले की पूल ओलांडताना लेकरे खिडकीला नाक लावतात.

याच वेळी म्हातारी माणसे बोलकी होतात. गाडीत एक तरी आजी किंवा आजोबा असावेत, असे आमचे मत आहे. त्यांच्या लहानपणी विहीर कोणती होती, शाळेत कुठे बसवत, पहिल्यांदा एसटीत बसल्या तेव्हा काय झाले, हे त्या सांगतात. १९७९ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, लोक औरंगाबादच्या दिशेने चालत निघाले, हेही निघते. औरंगाबादला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात आणि विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ पासून बाबासाहेबांचे नाव आहे. तेवढ्यासाठी लोक चालले, हे ऐकले की “पाय दुखले” म्हणणारे पोर जरा विचार करते. मात्र गोष्ट दहा मिनिटांची असावी. लेकरू जांभई द्यायला लागले की आजीने थांबावे. उपदेशाची गोळी फार मोठी झाली की तीही उलटून पडते.

लहानग्यांना बसल्या जागचे खेळ लागतात. भेंड्या आहेत, राजा-मंत्री-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या आहेत. आमच्या गाडीत गाठोड्याचा खेळ फार चालतो. पहिल्याने म्हणायचे, “नागपूरला निघालो, गाठोड्यात दशमी घेतली.” दुसऱ्याने म्हणायचे, “दशमी घेतली, कंदील घेतला.” तिसऱ्याने तिसरी वस्तू जोडायची. जो विसरेल त्याने एक गाणे म्हणायचे. दहाव्या वस्तूला सगळी गाडी हसते, चालककाकासुद्धा. कोडीही घालावीत, आपल्याच मनची. “आपण पळतो तेव्हा ते पळते, आपण थांबलो की जागचे हलत नाही, ओळखा कोण?” रस्त्याकडेचे झाड. चार वर्षांच्या पोरीने याचे उत्तर ‘म्हैस’ दिले होते. तिचेही बरोबर धरले.

आपण म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? मोबाईल हातात दिला की लेकरू गप्प. मोबाईलशी आमचे वैर नाही. कामावरच्या बापाला लेकरू त्यातूनच दिसते. पण चालत्या गाडीत खाली मान घालून पडद्याकडे बघितले की मळमळ वाढते, हे वर सांगितलेच आहे. शिवाय एका मोबाईलमागे पाच लेकरे भांडतात, आणि जिथे रस्ता विचारायचा किंवा मदत मागायची वेळ येते तिथे नेमकी बॅटरी संपलेली असते. म्हणून आम्ही नियम केला आहे. थांब्यावर दहा मिनिटे, सगळ्यांनी मिळून एकच काहीतरी बघायचे. चालत्या गाडीत नाही. मोठ्यांनीही नाही. आपण रील बघत बसायचे आणि लेकराला बाहेर बघ म्हणायचे, हे ते ऐकणार नाही.

लेकरांना खेळ आवडतो, त्याहून काम जास्त आवडते. घरात मोठी माणसे रोज कामाला जातात, लेकरे ते बघत असतात. त्यामुळे काम दिले की त्यांना मान मिळाल्यासारखे वाटते. एकाकडे पाणी, एकाकडे कचऱ्याची पिशवी. चौथीतल्या पोराकडे मोजणी: प्रत्येक थांब्यानंतर माणसे मोजल्याशिवाय गाडी सुटणार नाही. सहावी-सातवीतल्या मुलीकडे घड्याळ आणि खर्चाची वही. दोन तास झाले की तिने सांगायचे, थांबायची वेळ झाली. आणि अर्ध्या-पाऊण तासाने चालककाकांना विचारायचे, पाणी हवे का?

या शेवटच्या कामाचे मोल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका वर्षी परत निघताना नागपूरच्या गर्दीतून बाहेर पडायलाच रात्र झाली. यवतमाळ मागे पडले, आर्णी गेली. दीडच्या सुमारास सगळे पेंगत होते. घड्याळवाली सातवीतली पोर संध्याकाळी झोपून उठलेली, तेवढी जागी. तिने पाणी हवे का विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. उत्तर नाही. तिने मागे वळून आत्याला हलवले आणि म्हणाली, “आत्या, काका डोळे उघडे ठेवून झोपलेत.” आत्याने मोठ्याने हाक मारली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला सरकत चालली होती. चालक दचकला, गाडी सावरली आणि बाजूला घेतली. विचारले तेव्हा कळले की गाडीमालकाने आदल्या रात्रीही त्याला दुसऱ्या फेरीवर पाठवले होते. बिचाऱ्याला दोन रात्रींची झोप नव्हती. तोही आपल्यासारखाच पोटासाठी राबणारा.

जवळच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली. चटया टाकल्या, लेकरे मध्ये झोपवली, चालकाला गाडीत आडवे व्हायला सांगितले. दोघीजणी जाग्या राहिल्या. उजाडल्यावर चहा घेऊन निघालो. पहाटे घरी पोचायचे ते उन्हे चढल्यावर पोचलो. दोघांची त्या दिवसाची हजेरी गेली. कोणी कुरकूर केली नाही. तेरा माणसे गेली होती आणि तेराच परत आली. त्या पोरीचे वस्तीत अजून नाव निघते.

तेव्हापासून गाडी ठरवताना भाड्याच्या आधी एक प्रश्न असतो. चालकाने आदल्या रात्री झोप घेतली आहे का? रात्री दोन ते पाच ही वेळ डोळा लागण्याची. लेकरे असतील तर पहाटे पाचला निघावे, दिवसाउजेडी पोचावे. परतीला उशीर झाला तर वाटेतल्या विहारात किंवा नातलगाकडे मुक्काम करावा. आपल्या माणसाच्या दारात रात्री बारा वाजता गेले तरी चटई मिळते.

गाडीच्या कागदावर जितकी माणसे लिहिली आहेत तितकीच बसवावीत. वर्गणी थोडी कमी पडावी म्हणून बाराच्या जागी अठरा कोंबायची आणि दोघांना मागे लटकवायचे, हे स्वस्त पडत नाही. पुढच्या बाकावर लेकरू मांडीवर घेऊन बसू नये. जोरात ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरले तरी आईच्या हातून लेकरू सुटून काचेवर जाते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तीप्रमाणे १४ वर्षांखालचे मूल पट्टा किंवा लहान मुलांची खास खुर्ची यांशिवाय नेले तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचे सोडा, मधल्या बाकाला पट्टे असतील तर ते पहिल्यांदा लेकरांना लावावेत. दारे आतून उघडणार नाहीत अशी कळ असते, ती चालकाकडून लावून घ्यावी. आणि थांब्यावर झोपलेले लेकरू बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नये. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

थांब्याविषयी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. पुरुष कुठेही थांबतात. बायांचे आणि वयात आलेल्या मुलींचे हाल होतात. त्या मग पाणीच पीत नाहीत, आणि संध्याकाळी डोके धरून बसतात. पेट्रोल पंपावर शौचालय, पिण्याचे पाणी आणि टायरची हवा ही सोय फुकट असते, डिझेल भरले नाही तरी. ती मागायला संकोच नको. थांबे पंप बघून ठरवावेत. मुलीच्या पिशवीत जादा कपडे आणि पॅड आईने न विचारता ठेवावेत. वाटेत काही झालेच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. हे तीन आकडे आम्ही लेकरांकडूनच पाठ करून घेतो. भेंड्यांत हरणाऱ्याला हेच म्हणायला लावतो.

ज्यांना गाडी परवडत नाही त्यांनी मन लहान करू नये. एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे. खिडकी, खेळ आणि शिदोरी तीच.

नागपूरला पोचल्यावर वेगळी काळजी. लाखो माणसे, आणि बहुतेक सगळी पांढऱ्या कपड्यांत. आपले लेकरूही पांढऱ्या कपड्यांत! हरवले तर शोधायचे कसे? निळा रुमाल बांधून उपयोग नाही, तो सगळ्यांनीच बांधलेला असतो. आमच्या लेकरांच्या डोक्यावर भडक नारिंगी टोप्या असतात. दिसायला कशा का दिसेनात, शंभर पावलांवरून दिसतात. सदऱ्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिलेली चिंधी शिवायची, नाव बाहेर लिहायचे नाही. आणि सांगून ठेवायचे, चुकलास तर पळू नकोस, रडू नकोस, जागेवर उभा राहा. पोलीस किंवा समता सैनिक दलाचा गणवेशातला माणूस दिसला तर त्याला चिंधी दाखव. गर्दीत शिरण्याआधी लेकरांना अर्धा तास सावलीत आडवे करावे. मग स्तूप दाखवावा. १८ डिसेंबर २००१ ला त्याचे उद्घाटन झाले. घुमटाकडे मान वर करून बघणाऱ्या लेकराला त्या वेळी काही सांगू नये. बघू द्यावे.

निघताना पुस्तकांच्या दुकानातून प्रत्येक लेकराला एक पुस्तक, त्याच्याच पसंतीचे. खेळणे पुलावर पोचेपर्यंत मोडते. पुस्तक चालत्या गाडीत वाचू द्यायचे नाही, पण थांब्यावर घड्याळवालीने एक पान मोठ्याने वाचायचे. नागपूर ते अहमदपूर एवढ्या थांब्यांत लहान पुस्तक निम्मे होते. उरलेले घरी लेकरे आपणहून मागतात.

परतीच्या वाटेवर लेकरे थकलेली असतात. तेव्हा खेळ नको, प्रश्न नकोत. हलके गाणे, मांडी, आणि झोप. रडले तर रडू द्यावे. माणूस थकला की कुरकुरतो, लेकरूही माणूसच आहे.

या सगळ्याला पैसा फार लागत नाही. एक जुने कॅलेंडर, एक वही, रंगीत दोरे, टोप्या आणि घरातल्या मोठ्या माणसांचे थोडे लक्ष. आपल्या आज्या-पणज्यांनी लेकरे पाठीशी बांधून वाटा तुडवल्या, त्यांना हा विचार करायला सवड नव्हती. आपल्याला आहे. तेव्हा यंदा वर्गणीची बैठक बसेल तेव्हा भाडे, डिझेल आणि शिदोरी यांच्या आधी लेकरांचा विषय घ्यावा. त्यांनाही बैठकीत बसवावे आणि विचारावे, तुम्हाला खिडकी कोणती हवी आणि काम कोणते हवे. एवढी विनंती करून थांबतो.

जयभीम.